अण्णांच्या डब्यातला म्येश्को आणि पुढची अकरा नाणी

अण्णा एसटीत कंडक्टर होते, अंबाजोगाई डेपोला. ऑक्टोबर 2022मध्ये ते गेले. त्यांचा डालड्याचा डबा उघडायला मला मे 2023ची सुट्टी उजाडावी लागली. डब्यात नोकरीभर पदरात पडलेली न चालणारी नाणी होती. झिजलेले दहा पैसे, भोक पाडलेलं एक नाणं, नेपाळची दोन, आणि सगळ्यांत मोठं एक पांढरट नाणं. त्यावर दाढीवाला माणूस.

आई म्हणाली, "हे परळीच्या गाडीत कुणीतरी रुपाया म्हणून दिलं होतं. सांजच्याला दिसलंच नाही त्यांना. रात्री भरणा करताना रुपाया कमी आला, तवा खिशातून भरला. लई दिवस कंदिलापाशी धरून बघायचे, हा कोण राजा असंल म्हणून."

तेव्हाचा आपला रुपया चांगला मोठा, 28 मिलिमीटरचा होता. हे नाणं 30.5 मिलिमीटरचं निघालं. अंधारात, गर्दीत, बोटांना फरक कळला नसणार.

हा राजा कोण ते अण्णांना कधी कळलं नाही. मला कळलं, आणि तिथून सुरू झालेलं काम नोव्हेंबर 2024मध्ये संपलं. दीड वर्ष, पोलंडची बारा नाणी, परदेशातून मागवलेली तीन पार्सलं, सीमाशुल्काचं एक पत्र. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यातलं काहीच मला आधी माहीत नव्हतं. आपल्याकडे लहान गावात बसून परदेशी नाणी जमवायची म्हटलं तर विचारायला माणूस सापडत नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

पहिलं काम मी केलं ते चुकलं. नाणं काळपट दिसत होतं म्हणून चिंच लावली, भांड्याची पावडर लावली आणि काथ्यानं घासलं. नाणं चकाकलं, पण राजाच्या गालावर बारीक ओरखडे उठले. ते आजही आहेत. जुनं नाणं कधीही घासू नये. त्यावरचा काळपटपणा मळ नसतो, वर्षानुवर्षं धरलेला थर असतो आणि संग्राहक तोच बघतात. फारच माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ फडक्यानं टिपून घ्यायचं, एवढंच. अण्णांनी चाळीस वर्षं जपलेलं नाणं मी दहा मिनिटांत खरवडलं, हे अजून बोचतं.

मग अक्षरं लावायला बसले. एका बाजूला गरुड, त्याभोवती 'पोल्स्का', म्हणजे पोलंड, हा शब्द, खाली साल 1979 आणि किंमत 50. गरुडाच्या पायापाशी अगदी बारीक दोन रोमन अक्षरं, एम आणि डब्ल्यू. ती वॉर्सा टांकसाळीची खूण. दुसऱ्या बाजूला राजाचं नाव. 14 जून 2023च्या रात्री नुमिस्टा नावाच्या नाण्यांच्या मोफत ऑनलाइन सूचीत देश, साल आणि किंमत घालून शोधलं, तर तोच चेहरा समोर आला. म्येश्को पहिला. आईला उठवून दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ मोबाइलकडे आणि नाण्याकडे आळीपाळीनं बघितलं.

म्येश्को हा पोलंडचा पहिला ज्ञात राज्यकर्ता. चेक राजघराण्यातल्या दोंब्रुफ्काशी त्यानं लग्न केलं आणि 966 साली बाप्तिस्मा घेतला. पोलंड आपल्या राज्याची सुरुवात त्या वर्षापासून मोजतो. 1966 साली त्याला हजार वर्षं झाली. तेव्हा तिथं कम्युनिस्ट सरकार होतं. सरकार म्हणे राज्याची हजार वर्षं, चर्च म्हणे बाप्तिस्म्याची हजार वर्षं, आणि दोघांनी सोहळे वेगवेगळे केले. सरकारनं त्यानिमित्त हजार शाळा बांधायची मोहीम काढली होती आणि प्रत्यक्षात हजाराहून जास्त बांधल्या. मी शाळामास्तरीण, मला हे वाचून नाणं आणखी जवळचं वाटलं. 1966मध्येच चांदीचं 100 झ्लॉटीचं (झ्लॉटी हे पोलंडचं चलन) नाणं निघालं, त्यावर म्येश्को आणि दोंब्रुफ्का दोघं आहेत. पुढे 1979पासून जुन्या राजांची साध्या धातूची, तांबं आणि निकेलच्या मिश्रणाची नाणी एकेक करून निघत गेली. अण्णांच्या हाती आलं ते त्यातलं पहिलं.

सूचीतून मी यादी केली. 1979 म्येश्को. 1980 बोलेस्वाव ख्रोब्री आणि काझिमियेश ओदनोविचेल. 1981 बोलेस्वाव श्म्यावी आणि व्वादिस्वाव हेरमान. 1982 बोलेस्वाव क्शिवोउस्ती. ही सगळी 50 झ्लॉटीची. पुढे महागाई वाढत गेली तशी किंमत 100 झाली: 1985 प्शेमिस्वाव दुसरा, 1986 वोक्येतेक, 1987 काझिमियेश विएल्की, 1988 यादविगा. शेवटी 1989चा यागियेव्वो, तो थेट 500चा. मध्ये 1983 साली सोबिएस्की येतो, पण तो 17व्या शतकातला, म्हणून मी त्याला यादीबाहेर ठेवलं. मला सुरुवातीचेच राजे हवे होते. साध्या धातूची अकरा आणि 1966चं चांदीचं एक, अशी बारा.

नावांचे उच्चार शिकायला आठवडा गेला. पोलिशमध्ये आडवी रेघ मारलेला एल असतो, त्याचा उच्चार 'व'सारखा होतो. शोधताना रेघ न मारता साधा एल टाइप केला तरी बहुतेक ठिकाणी चालतं. नाव चुकत असेल तर साल आणि किंमत घाला, ते चुकत नाही.

पहिली खरेदी सोपी झाली. जुलै 2023मध्ये फोनवरच्या एका नाणेसंग्राहक गटात विचारलं. आपल्याच देशातल्या एका विक्रेत्याकडे ख्रोब्री, क्शिवोउस्ती आणि वोक्येतेक होते. तीन नाणी, स्पीड पोस्ट धरून 900 रुपये. पाच दिवसांत आली. ती आली तेव्हा मी पहिल्यांदा राजांची गोष्ट नीट वाचली. ख्रोब्री म्हणजे शूर. 1025 साली राज्याभिषेक झालेला पोलंडचा पहिला राजा. क्शिवोउस्ती म्हणजे वाकड्या तोंडाचा. त्यानं मरताना, 1138 साली, राज्य मुलांमध्ये वाटून दिलं आणि देशाची शकलं झाली. ती पुन्हा जुळायला पावणेदोनशेहून जास्त वर्षं गेली. जुळवली ती वोक्येतेकनं, 1320 साली क्राकुफमध्ये मुकुट घालून. वोक्येतेक म्हणजे हातभर उंचीचा. अशी आडनावासारखी टोपणनावं नाण्यावर घातली आहेत, हे मला फार आवडलं. आपल्याकडे गावात माणसं जशी ओळखली जातात, तसंच.

उरलेली नाणी इथं मिळेनात. एकानं यादविगाचे 1,800 रुपये सांगितले. पोलंडमध्ये तेच नाणं 12-15 झ्लॉटीला होतं, आणि तेव्हा एक झ्लॉटी म्हणजे साधारण 19-20 रुपये. म्हणून थेट तिथून मागवायचं ठरवलं.

इथं तीन गोष्टी आधी करून घ्या. एक, डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. मी 5,000 रुपयांची मर्यादा घातली आणि पैसे गेल्यावर लगेच बंद केले. दुसरं, नाणी साध्या पत्रातून पाठवायला टपालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मनाई आहे, विमा उतरवलेल्या पाकिटातून किंवा पार्सलातून पाठवता येतात. विक्रेत्याला हे आधीच विचारा. स्वस्तात साध्या पाकिटातून पाठवतो म्हणणारे भेटतात, नाही म्हणायचं. तिसरं, पाकिटावरच्या जाहीरपत्रात काय लिहायचं ते सांगा: 'चलनातून बाद झालेली जुनी नाणी, संग्रहासाठी'. नुसतं 'नाणी' लिहिलं की पैसे पाठवलेत असा अर्थ निघू शकतो. किंमत खरी लिहायला सांगा. मला विक्रेत्यानं विचारलं होतं, भेटवस्तू लिहू का आणि किंमत कमी दाखवू का. मी नको म्हटलं. पुढे तेच कामी आलं.

6 ऑक्टोबर 2023ला सहा नाण्यांची ऑर्डर दिली: ओदनोविचेल, श्म्यावी, हेरमान, प्शेमिस्वाव, विएल्की आणि यागियेव्वो. त्याच्याकडेही यादविगा नव्हती. नाण्यांचे 78 झ्लॉटी, पोस्टाचे 98. नाण्यांपेक्षा टपाल महाग, म्हणून जमेल तितकी एकाच पार्सलात मागवायची. बँकेचा परदेशी व्यवहाराचा आकार धरून खात्यातून 3,546 रुपये गेले.

10 ऑक्टोबरला पार्सल निघालं. क्रमांकाच्या शेवटी पी आणि एल ही पोलंडची अक्षरं. तोच क्रमांक भारतीय टपालाच्या साइटवरही चालतो. 16 तारखेला पोलंड सोडलं, 29ला भारतात आलं. आणि थांबलं. मी सकाळी शाळेत जायच्या आधी एकदा आणि रात्री झोपताना एकदा बघायचे. रोज तीच ओळ. दिवाळी आली, गेली. फराळ करताना आईनं विचारलं, "तुझे राजे कुठवर आले?" मला काही सांगता येईना.

18 नोव्हेंबरला पत्र आलं. पोस्टमनकाका दारातच म्हणाले, "म्याडम, सरकारी दिसायलंय, सही करा." सीमाशुल्क खात्याचं पत्र, इंग्रजीत. पार्सलात नाणी असल्याचं दिसतं, तरी पुढील कागद द्यावेत: खरेदीची पावती, पैसे दिल्याचा पुरावा, ओळखपत्राची प्रत आणि वस्तू कशासाठी मागवली त्याचा खुलासा. मी पत्र हातात घेऊन ओसरीवर बसूनच राहिले. आपण काही गुन्हा केलाय असं वाटलं. सरकारी नोकरीतलं माणूस, पहिला विचार आला तो असा की शाळेत कळलं तर काय होईल. कुणाला बोलवेना. हे म्हणाले, "कागद मागितलेत ना, मग कागद दे." तेवढ्यानं धीर आला.

तो शनिवार होता. रविवारचा दिवस खुलासा लिहिण्यात गेला. तीनदा फाडला. शेवटी एका पानात बसवला. त्यात तीन मुद्दे होते. पहिला, ही 1980 ते 1989 या काळातली पोलंडची स्मारक नाणी आहेत आणि साध्या धातूची आहेत, सोनं-चांदी नाही. दुसरा, 1 जानेवारी 1995 रोजी पोलंडनं नवं चलन आणलं, दहा हजार जुन्या झ्लॉटीला एक नवी. जुनी नाणी बदलून घ्यायची मुदत 31 डिसेंबर 2010ला संपली. म्हणून ही आज कुठल्याच देशाचं चलन नाहीत. तिसरा, मी शिक्षिका आहे, नाणी वैयक्तिक संग्रहासाठी आणि मुलांना दाखवण्यासाठी आहेत, विकण्यासाठी नाहीत. सोबत विक्रेत्याची पावती, बँकेच्या खातेउताऱ्याची ती ओळ, आधारची सही केलेली प्रत आणि सूचीतल्या सहाही नाण्यांच्या पानांची छपाई, ज्यावर धातू आणि वजन आहे. पत्रावरचा संदर्भ क्रमांक आणि पार्सलाचा क्रमांक प्रत्येक पानाच्या वर लिहिला. सोमवारी, 20 नोव्हेंबरला, ईमेल केली आणि तेच कागद स्पीड पोस्टनंही पाठवले. पावतीवरची किंमत आणि पाकिटावरची किंमत जुळली. म्हणूनच म्हटलं, किंमत खरी लिहून घ्या.

9 डिसेंबरला ती ओळ बदलली. 16 डिसेंबरला, शनिवारी, पोस्टमनकाका पुन्हा दारात. शुल्काची पावती 1,550 रुपयांची, पोस्टाचं शुल्क त्यातच धरून. रोख द्यावे लागले, घरी तेवढे ठेवा. ऑर्डर दिल्यापासून 71वा दिवस.

काकांना मी आत बसवलं, चहा टाकला आणि त्यांच्यासमोरच पाकीट फोडलं. ते म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं?" मी त्यांच्या हातात प्शेमिस्वाव ठेवला.

या नाण्यापाशी मला जरा थांबायचं आहे. शकलं झालेल्या पोलंडमध्ये 1295 साली प्शेमिस्वावनं पुन्हा राजमुकुट धारण केला आणि मुकुटधारी पांढरा गरुड राज्याचं चिन्ह केलं. पुढच्याच वर्षी, 1296ला, त्याचा खून झाला. 1296 म्हटल्यावर मराठवाड्यातल्या माणसाला दुसरं काही आठवत नाही. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवराय यादवाला खंडणी द्यावी लागली. ज्ञानेश्वरी लिहून तेव्हा सहाच वर्षं झाली होती. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर, त्याचे शिलालेख आमच्या गावात आहेत, बाराखांबीच्या देवळावरून मी रोज शाळेत जाते. मुकुंदराजांची समाधीही इथलीच. म्हणजे तिकडे एक राज्य उभं राहायला धडपडत होतं, त्याच वर्षी इकडे आपलं मोडायला लागलं. हे मी काकांना सांगत सुटले. त्यांनी चहा थंड होऊ दिला.

आणि त्याच नाण्याची दुसरी बाजू. ज्या राजानं गरुडाला मुकुट दिला, त्याच्या नाण्यावरच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट नाही. कम्युनिस्ट राजवटीनं तो काढला होता. माझ्या बाराही नाण्यांवर गरुड बोडकाच आहे. यागियेव्वोचं नाणं 1989चं, तेवढ्यात ती राजवट कोसळली आणि गरुडाला मुकुट परत मिळाला. ही नाणी तळहातावर घेतली की एका बाजूला म्येश्कोपासूनचा इतिहास आणि दुसऱ्या बाजूला नाणं पाडणाऱ्यांचा काळ, दोन्ही दिसतात. जमवण्यातलं खरं सुख मला यात सापडलं. पुस्तकात वाचलं असतं तर पुढे गेले असते. नाणं हातात असलं की थांबून बघावं लागतं.

चांदीचं नाणं टपालानं मागवायचं नाही हे मी ठरवलं होतं. लेक पुण्यात शिकते. फेब्रुवारी 2024मध्ये तिथं नाण्यांचं प्रदर्शन होतं, रात्रीच्या गाडीनं गेले. पर्समध्ये 350 रुपयांचा छोटा वजनकाटा, भिंग आणि एक लोहचुंबक. 1966चं नाणं 35 मिलिमीटरचं, साधारण 20 ग्रॅमचं, त्यात 90 टक्के चांदी. पहिल्या टेबलावर एक मिळालं, 3,000 रुपये. दिसायला अगदी तसंच. काट्यावर ठेवलं तर 16 ग्रॅमही भरेना. विक्रेता म्हणाला, झिजलं असेल. झिजून चार ग्रॅम जाणाऱ्या नाण्यावर चेहरे एवढे ठसठशीत राहत नाहीत. मी नाणं परत ठेवलं. हात थरथरत होते, कारण भर गर्दीत तो जोरात बोलायला लागला होता. वजन करायला लाजू नका, कुणी काही म्हणालं तरी.

दुपारी दुसऱ्या टेबलावर खरं भेटलं. 20.1 ग्रॅम. चुंबकाला ढिम्म हललं नाही. 5,200 सांगितले, 4,700ला दिलं, छापील बिलासह. बिल घ्याच, नाण्याचं नाव, साल आणि धातू लिहून. पोलिश नाण्यांवर कधी 'प्रुबा' असा शब्द ठोकलेला दिसेल. ती चाचणीसाठी पाडलेली नाणी असतात, फार महाग, आणि त्या शब्दाची नक्कल करूनही विकतात. नव्या माणसानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. परतीच्या गाडीत मी पर्स पोटाशी धरून बसले होते. कंडक्टरनं सुट्टे मागितले, तेव्हा अण्णांची फार आठवण आली.

उरली यादविगा. एप्रिल 2024मध्ये तिची एकटीची ऑर्डर दिली. पार्सल गावात पोहोचलं तेव्हा मी निवडणुकीच्या कामावर होते. बीडचं मतदान 13 मेला होतं. त्याआधीची प्रशिक्षणं, साहित्यवाटप, मग केंद्रावर मुक्काम, आणि आई मावशीकडे. घराला कुलूप. पत्त्यात मी मोबाइल नंबर लिहायला सांगायचं विसरले होते. पोस्टात सात दिवस राहून पार्सल परत पोलंडला गेलं. विक्रेत्यानं नाण्याचे पैसे परत केले, टपालाचे 1,350 गेले ते गेले. पत्त्यात पिनकोड आणि मोबाइल नंबर दोन्ही हवेत, आणि बाहेर जाणार असाल तर पोस्टात जाऊन पार्सल राखून ठेवायला अर्ज द्या. अर्ध्या पानाचं काम आहे.

त्यानंतर मी नाणी नीट ठेवण्याच्या मागे लागले. सुरुवातीला ती मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत होती. पावसाळ्यात हेरमानच्या कडेला हिरवट चिकट थर दिसला. ते पीव्हीसी प्लास्टिक होतं, नाण्याला खातं. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर आणले, ज्यात मधे पातळ पारदर्शक फिल्म असते, आणि चार बाजूंनी स्टेपल मारायचे. स्टेपलची टोकं पक्कडीनं चपटी करायची, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा जातो. नाणं नेहमी कडेला धरायचं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. होल्डर आणि अल्बम मिळून 640 रुपये झाले.

सप्टेंबरमध्ये ती बारापैकी अकरा नाणी शाळेत नेली, सातवीच्या वर्गात. यादविगाचं मोबाइलवरचं चित्र दाखवलं आणि फळ्यावर नाव लिहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, यादव?" सगळे हसले. मग त्याच मुलानं विचारलं, "आपल्या यादवांचं नाणं हाय का?" आहे की. सोन्याचे पद्मटंक, मधे कमळ आणि भोवती ठोकलेले ठसे, त्यात राजाचं नाव. आता त्यांना तेरला न्यायचं आहे, लामतुरे संग्रहालयात. तिथं सातवाहनांची नाणी काचेमागे आहेत. आपल्या मातीतली जुनी नाणी मी विकत घेत नाही, तुम्हीही जपून. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्यात येते, आणि जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवावं लागतं.

2 ऑक्टोबर 2024ला यादविगा पुन्हा मागवली, दुसऱ्या विक्रेत्याकडून, पत्ता मी स्वतः टाइप करून दिला. या वेळी पत्र आलं नाही. विधानसभेच्या निवडणुकीचं काम 20 नोव्हेंबरला संपलं, पार्सल 26ला आलं. शुल्कासकट 2,010 रुपये. पुण्याचा प्रवास सोडून सगळा खर्च 15,046 रुपये झाला. वहीत पै-पैचा हिशोब आहे, अण्णांची सवय.

आई दुपारची झोपून उठली होती. तिच्या हातात नाणं दिलं.

"ही राणी का?"

"राजाच. 1384ला राज्याभिषेक झाला, तेव्हा तिला राजा म्हणूनच मुकुट दिला."

"केवढी होती?"

"दहा वर्षांची. फार तर अकरा. बाराव्या वर्षी लग्न, लिथुआनियाच्या यागियेव्वोशी. तो पुष्कळ मोठा होता. या नाण्याच्या पुढच्या कप्प्यात आहे बघ. मरताना तिनं आपले दागिने क्राकुफच्या विद्यापीठासाठी ठेवले."

आईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, 1966 साली. तिनं अंगठा नाण्याच्या कडेवरून फिरवला, मी शिकवला होता तसा, चेहऱ्याला न लावता.

"लेकरूच की गं," ती म्हणाली, आणि नाणं माझ्याकडे न देता तसंच धरून बसली.